खुर्चीतून उडणारी माणसं

नाशिकरोडच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हेलिकॉप्टरच्या घरघरीचं नवल उरलेलं नसतं. गांधीनगरच्या धावपट्टीवरून चेतक आणि चीता उठतात, वळसा घेतात, परत येऊन टेकतात. तिथेच लष्कराचं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात ‘कॅट्स’. २००३ पासून इथे लष्कराचे वैमानिक घडतात. प्रशिक्षण संपलं की संचलन होतं, आईवडील समोर बसलेले असतात आणि तरुण अधिकाऱ्यांच्या छातीवर ‘विंग्ज’ लावले जातात. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना ते इथेच मिळाले आणि त्या लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या.

अलीकडच्या काही वर्षांत या संचलनात आणखी एक गट दिसू लागला आहे. त्यांच्याही छातीवर विंग्ज लागतात, पण त्यांचं विमान त्यांना घेऊन उडत नाही. ते हजारो फूट उंचीवर असतं आणि हे जमिनीवरच्या एका बंदिस्त खोलीत, पडद्यांसमोर, खुर्चीत. वैमानिकरहित विमानांचे हे ‘इंटर्नल पायलट’. ऑगस्ट २०२१ मध्ये लष्कराने आपली हेरॉन आणि सर्चर विमानं तोफखान्याकडून काढून आर्मी एव्हिएशनकडे दिली आणि खुर्चीतून उडणाऱ्या माणसांना विंग्ज देण्याचं काम नाशिककडे आलं. त्याआधी ही विमानं ज्या तोफखान्याकडे होती, त्याचं स्कूलही इथून जवळच, देवळालीला आहे. तोफ डागणाऱ्याला डोंगरापलीकडचं दिसायला हवं असतं. ही विमानं आधी त्यांच्या हाती असणं त्यामुळे साहजिकच होतं.

आता या कामाकडे नीट पाहू, कारण ते जितकं सोपं वाटतं तितकंच विलक्षण आहे.

हेरॉनच्या पंखांचा पसारा साडेसोळा मीटरचा, वजन भरल्यावर हजार किलोच्या वर. एकदा वर गेलं की ते दिवस मावळून रात्र उलटली तरी वरच राहू शकतं. म्हणजे विमान हवेत असतानाच वैमानिक बदलतो. एकाची पाळी संपते, तो उठतो, दुसरा त्याच खुर्चीत बसतो आणि शेकडो किलोमीटरवरच्या त्या यंत्राला आपला चालक बदलला याचा पत्ताही नसतो. माणसाने घोडा पाळला, गाडी बनवली, जहाज बनवलं. पण चालवणारा आणि वाहन यांची अशी फारकत त्यातल्या कशातच नव्हती.

या फारकतीची किंमत मोजावी लागते. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला पडद्यावर न दिसणाऱ्या शंभर गोष्टी शरीर सांगत असतं. बैठकीखालची थरथर बदलली की इंजिनाकडे लक्ष जातं. वाऱ्याचा झोत आला की तो पोटात कळतो, पंख्याचा आवाज जरा जड झाला की हात आपोआप सावध होतो. खुर्चीतल्या वैमानिकाला यातलं काहीच मिळत नाही. त्याला मिळतात आकडे, नकाशा आणि कॅमेऱ्यातून दिसणारा जमिनीचा एक चिंचोळा तुकडा. त्या तुकड्याच्या डावीकडे काय, मागे काय, ढग कुठून येतोय, हे त्याने मनात रचून ठेवायचं असतं. विमान दूर असल्याने काम कठीण होतं, असं आपल्याला वाटतं. खरी अडचण अशी की आपण स्वतः कुठे आहोत, या साध्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या शरीराकडे आणि त्याच्या पडद्याकडे वेगवेगळं असतं.

सर्चरसारख्या जुन्या विमानांना ‘एक्स्टर्नल पायलट’ही लागे. तो धावपट्टीच्या कडेला उघड्यावर उभा राहायचा, गळ्यात नियंत्रणाची पेटी, नजर थेट विमानावर. विमान त्याच्यापासून दूर जात असेल तर सगळं सरळ. पण तेच उतरायला त्याच्या दिशेने येऊ लागलं की त्याचं डावं आणि विमानाचं डावं उलट होतं. मेंदूला हे दर वेळी, क्षणात, वारा वाहत असताना आणि धावपट्टी संपत असताना उलटवावं लागतं. अमेरिकेच्या हंटर नावाच्या अशाच विमानाच्या अपघातांचा तिथल्या हवाई वाहतूक प्रशासनाने २००४ मध्ये आढावा घेतला. त्यात मानवी चुकांशी जोडलेल्या घटनांमध्ये निम्म्याहून अधिक वाटा बाहेर उभ्या राहणाऱ्या पायलटच्या हातून उडताना आणि उतरताना झालेल्या चुकांचा निघाला. ही माणसं निष्काळजी नव्हती. ज्या कामासाठी आपला मेंदू घडलेलाच नाही, ते काम त्यांच्याकडून करून घेतलं जात होतं.

दुसरा शत्रू म्हणजे वेळ. विमान धावपट्टीजवळ असेल तर संदेश थेट रेडिओने जातो, झटकन. ते क्षितिजापलीकडे गेलं की मध्ये उपग्रह येतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. हुकूम खालून वर आणि वरून विमानाकडे जातो, तेवढ्यात पाव सेकंद सरतो. विमानाने काय केलं याचं चित्र त्याच वाटेने परत यायला आणखी पाव सेकंद. यंत्रांचा स्वतःचा वेळ वेगळाच. परदेशात मुलं असलेल्या घरांनी उपग्रहावरून जोडले जाणारे जुने फोन अनुभवले आहेत: आपण बोलतो, शांतता, आपण पुन्हा बोलतो आणि तेवढ्यात तिकडचं उत्तर आपल्या शब्दांवर आदळतं. फोनवर त्याने फक्त संभाषण अडखळायचं. ताशी ११० किलोमीटर वेगाने उतरणारं विमान अर्ध्या सेकंदात १५ मीटर पुढे गेलेलं असतं. पायलट नाक किंचित वर उचलतो, पडद्यावर फरक दिसत नाही, म्हणून आणखी उचलतो; मग दोन्ही हुकुमांचा परिणाम एकदम दिसतो, तो घाबरून खाली दाबतो आणि विमान हेलकावे खायला लागतं. म्हणून उपग्रहावरून उडवल्या जाणाऱ्या विमानांचं उड्डाण आणि उतरणं धावपट्टीजवळच्या वेगळ्या पथकाकडे किंवा थेट संगणकाकडे सोपवण्याची पद्धत पडली.

हा विलंब माणसाने आधी चंद्रावर भोगला. नोव्हेंबर १९७० मध्ये सोव्हिएत संघाची लुनोखोद-१ ही गाडी चंद्रावर उतरली आणि क्रिमियात बसलेल्या पाच-पाच जणांच्या दोन पथकांनी ती आळीपाळीने चालवली. प्रकाशालाच चंद्रापर्यंत जाऊन यायला अडीच सेकंद. त्यात चित्र सलग हलतं नसे. एकेक स्थिर चित्र यायचं, कधी तीन सेकंदांनी, कधी वीस सेकंदांनी. तरीही त्यांनी ती गाडी साडेदहा किलोमीटर चालवली. त्यांचा सराव कुठे झाला? सिम्फेरोपोलजवळ जमिनीवर चंद्राचा एक तुकडा बांधून. खड्डे खणले, दगड मांडले, त्याला ‘लुनोद्रोम’ म्हणत. चालक गाडीकडे थेट न बघता पडद्यावरची थांबत येणारी चित्रं पाहून सराव करत. संगणकाने जग रचायला शिकण्याच्या आधी माणसांनी फावड्याने रचलेलं ते आभासी जग होतं. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीलाही २७ ऑगस्ट २०२३ रोजी तीन मीटर पुढे चार मीटर रुंदीचं विवर दिसलं. बंगळुरूहून मागे फिरण्याचा हुकूम गेला आणि ती सुखरूप दुसऱ्या वाटेला लागली.

आता या सगळ्यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट.

प्रवासी विमानाचा सिम्युलेटर कितीही महाग असला, हायड्रॉलिक पायांवर डोलत असला, तरी तो नक्कलच असतो. खिडकीबाहेरचे ढग रंगवलेले, धक्के उसने. १९२९ मध्ये एडविन लिंक या तरुणाने न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये, वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात, ऑर्गनचे भाते वापरून पहिला डोलणारा सराव-कक्ष बनवला. १९३४ मध्ये अमेरिकी लष्करावर टपाल वाहण्याची वेळ आली, खराब हवामानात अनेक वैमानिक मेले आणि मग लष्कराने लिंककडून सहा सराव-कक्ष विकत घेतले. तेव्हापासून सगळी धडपड एकाच दिशेने चालली: नक्कल खऱ्याच्या आणखी जवळ नेणं.

खुर्चीतल्या वैमानिकासाठी मात्र ही धडपड आपोआप संपते. त्याचं कामाचं ठिकाणच पडदे आणि जॉयस्टिकचं आहे. त्याच खोलीत, त्याच पडद्यावर, विमानाऐवजी संगणकाने तयार केलेले आकडे आणि चित्रं सोडली, तर त्याच्या डोळ्याला आणि हाताला येणारा अनुभव खऱ्या कामाचाच असतो. फरक असतो फक्त केबलच्या पलीकडच्या टोकाला. तिकडे पाचशे किलोमीटरवर खरं इंजिन गरम होतंय की शेजारच्या कपाटात एक प्रोसेसर, हे या टोकाला बसलेल्याला सांगता येणार नाही. प्रशिक्षणाच्या आजवरच्या इतिहासात सराव आणि काम यांच्यातली भिंत इतकी पातळ कधीच नव्हती.

मग व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी कशाला? डोळ्यांवर हेडसेट चढवून पुन्हा तेच पडदे दाखवायचे असतील तर ते व्यर्थ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हीआरचा खरा उपयोग उलट दिशेचा आहे. पडद्याने जे काढून घेतलं, ते जग ती परत देते. शिकणाऱ्याला खुर्चीतून उठवून यंत्राच्या जागी उभं करते. विमानाच्या नाकावर उभं राहून मान वळवली की कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरचं दिसतं. उंची म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा न राहता पायाखालची पोकळी होते. एकदा हे अनुभवलेला माणूस परत खुर्चीत बसला की त्या चिंचोळ्या चित्राच्या भोवतीचं जग तो मनात भरून काढू शकतो.

हे नुसतं तर्कट नाही. हबल दुर्बीण धूसर चित्रं देऊ लागली, तेव्हा डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून अंतराळवीर ती दुरुस्त करायला गेले आणि पाच वेळा यानाबाहेर पडून त्यांनी काम केलं. त्याआधी नासाने ह्यूस्टनमध्ये व्हीआरचा वापर केला आणि त्यात शंभराहून अधिक लोक जमिनीवरच्या पथकातले होते. ज्यांना अवकाशात कधी जायचंच नव्हतं, जे नियंत्रण-कक्षात टेबलापाशी बसणार होते, त्यांना हेडसेट चढवून दुर्बिणीपाशी नेलं गेलं. वरचा माणूस ‘हात पोचत नाही’ म्हणाला तर का पोचत नाही, हे खालच्याला कळावं म्हणून. त्या काळची चित्रं आजच्या मोबाइलवरच्या खेळापेक्षाही ओबडधोबड होती.

या कथेत नाशिकचं आणखी एक नाव येतं. रमेश रासकर नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीमधून शिकलेले, पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्रकाशाचा प्रवास टिपणाऱ्या कॅमेऱ्यामुळे जगभर गाजलेले. त्याआधी १९९८ मध्ये, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथे पीएचडी करताना, त्यांनी हेन्री फुक्स आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ‘ऑफिस ऑफ द फ्यूचर’ नावाची कल्पना मांडली. खोलीच्या साध्या भिंती कॅमेऱ्यांनी मोजायच्या, त्यांच्यावर प्रोजेक्टरने दूरच्या खोलीचं चित्र असं टाकायचं की दोन्ही खोल्या एकमेकींना जोडल्यासारख्या वाटाव्यात. दूर असणं पुसून टाकायचं, हेच तर खुर्चीतल्या वैमानिकाचंही स्वप्न.

चॅपेल हिलच्याच प्रयोगशाळेत एक खड्डा होता, जो प्रत्यक्षात नव्हता. हेडसेट घातलेला माणूस एका आभासी खोलीत शिरे आणि पुढच्या खोलीच्या मधोमध सुमारे वीस फूट खोल खड्डा दिसे. कडेवर उभं राहिलं की लोकांच्या हृदयाचे ठोके वाढत. आपण प्रयोगशाळेत सपाट जमिनीवर आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक असे. हृदयाला ते मान्य नसे. मग संशोधकांनी जमिनीवर जेमतेम दीड इंच जाडीची लाकडी फळी ठेवली. पायाच्या बोटांना फळीची कड लागली, डोळ्यांना खाली खोली दिसली आणि ठोके आणखी वाढले. दीड इंच लाकूड आणि वीस फूट भीती! पुढे त्यांनी डोकं वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा विलंब बदलून पाहिला: ९० मिलिसेकंदांच्या मानाने ५० मिलिसेकंदांत भीती जास्त खरी ठरली. म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात माणूस ‘तिथे’ असतो किंवा नसतो.

इतक्या सूक्ष्म फरकाने काय बिघडतं, ते आत्ता करून पाहता येईल. हे पान डोळ्यांसमोर धरा आणि डोकं भराभर डावीकडे-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतात. आता डोकं स्थिर ठेवून पान तितक्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसली गेली. पहिल्या वेळी कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांनी डोकं फिरल्याची वर्दी दिली आणि सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात डोळे उलट दिशेला फिरले. जागेपणी दिवसभर, पाऊल टाकताना, रिक्षात हिंदकळताना हे चालू असतं आणि म्हणून जग थरथरत नाही. हेडसेटला या वेगाशी सामना करायचा असतो. तो मागे पडला की कान म्हणतो मी फिरतोय, डोळे म्हणतात नाही आणि पोट ढवळून येतं. १९५७ मध्ये, सिम्युलेटरमुळे मळमळ होते याची पहिली नोंद झाली, तीसुद्धा हेलिकॉप्टरच्याच सिम्युलेटरवर. म्हणून व्हीआरचा सराव थोडा-थोडा द्यावा लागतो आणि त्यानंतर लगेच खऱ्या कामावर बसवणं योग्य नाही.

सराव आभासी, पण कौशल्य खरं उतरतं का? याचं मला सर्वांत पटणारं उत्तर शल्यगृहातून आलं. दुर्बिणीची शस्त्रक्रिया हीसुद्धा दुरून केलेली कामगिरीच आहे: लांब काड्या, पडदा आणि पोटात शिरल्यावर उलटी होणारी हालचाल. २००२ मध्ये येल विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा शिकाऊ सर्जन, त्यातल्या निम्म्यांना व्हीआरवर सराव. मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णांचं पित्ताशय सोडवलं आणि तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला ते सांगितलेलं नव्हतं. सराव केलेले २९ टक्क्यांनी वेगवान निघाले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. आभासी पोटात घोटलेला हात खऱ्या पोटात शहाणा ठरला.

एका गोष्टीला मात्र हेडसेटकडे उत्तर नाही आणि तिच्याबद्दल मला काळजी वाटते. सरावात दर पाच मिनिटांनी काहीतरी घडतं: इंजिन बंद पडतं, संपर्क तुटतो, वादळ येतं. खऱ्या पाळीत तासन्‌तास काहीच घडत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्यांची नजर का चुकते, हे शोधायला नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ बनवलं. काटा टिकटिक सरकायचा, क्वचित एकदम दोन घरं उडी घ्यायचा. ती उडी ओळखायची, बस्स. अर्ध्या तासात माणसं चुकायला लागली. संकटाचा सराव रोमांचक असतो, म्हणून प्रशिक्षणात तोच भरला जातो. रिकाम्या तासांचा सरावही तितक्याच गांभीर्याने बसवायला हवा, कारण खुर्चीतल्या वैमानिकाच्या नोकरीचा मोठा भाग तोच आहे.

ही गोष्ट आता लष्करापुरती राहिलेली नाही. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी रिमोट पायलटचा परवाना सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटातल्या महिलेला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, त्यातले पाच दिवस ड्रोन उडवण्याचे. अशा शिक्षणात आधी संगणकावर आभासी ड्रोन आपटून घेतात, मग खऱ्याला हात लावतात. आपल्याकडे येणारं ड्रोन डावं-उजवं उलटवतं, हा एक्स्टर्नल पायलटचा जुना पेच आता शेताच्या बांधावर उभ्या राहिलेल्या बाईसमोरही आहे.

आणि अशा सरावासाठी नाशिकइतकी चांगली जमीन शोधून सापडायची नाही. तीन हजार मीटर उंचीवरच्या विमानाशी सपाट प्रदेशात सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत थेट रेडिओ संपर्क राहू शकतो. पण विमान खाली उतरलं आणि अँटेनाच्या आड अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी आला की संपर्क तुटतो, कारण हे डोंगर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास उठलेले आहेत आणि शहर त्यांच्या निम्म्याहून खाली आहे. डोंगराची ही रेडिओ-सावली डोळ्यांना दिसत नाही. व्हीआरमध्ये ती दाखवता येते: अँटेनापासून निघालेला प्रकाश, डोंगराला अडून पलीकडे पडलेला काळोख आणि त्या काळोखाच्या काठावरून उडणारं आपलं विमान. यासाठी लागणारी जमिनीची उंची कुणी गुपित ठेवलेली नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने जगाचा बहुतांश भूभाग मोजला. इस्रोच्या कार्टोसॅट-१ ने टिपलेल्या उंचीचे नकाशे ‘भुवन’वर फुकट मिळतात, दर तीस मीटरला एक आकडा या हिशेबाने. त्र्यंबकपासून इगतपुरीपर्यंतचे सगळे कडे त्यात आहेत. नाशिकच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या चार मुलांनी मनावर घेतलं, तर एक साधा हेडसेट आणि एका सत्राची मेहनत यांवर हा सराव उभा राहू शकतो. पहिला धडा अंजनेरीच्या मागे संपर्क तुटण्याचा ठेवावा.